अठ्ठ्याहत्तर टक्के सुतक

आमच्या घराचं मीटर चहाडखोर आहे, हे मला सहासष्टाव्या वर्षी कळलं. ते चहाडखोर माझ्याच पोटच्या पोरानं आणून दाराशी बसवलंय, हेही त्याच दिवशी कळलं. तेव्हा आधीच सांगून ठेवते, मी चिडलेली आहे. चिडलेल्या माणसाला धड सांगता येत नाही म्हणतात. मला येतं. अकरा वर्षं मी मिरजेच्या टेलिफोन एक्सचेंजला ट्रंक ऑपरेटर होते. खरखरत्या लाइनीवरून निरोप धड पोचवायचा, हेच माझं काम होतं.

नोकरीच्या पहिल्या दिवशी आमच्या सुपरवायझर सॅम्युएलबाईंनी हेडफोन हातात द्यायच्या आधी बजावलं होतं, "शैलजा, कान उघडे, तोंड बंद. लाइनीवर ऐकलेलं लाइनीवरच सोडायचं. घरी न्यायचं नाही." मी नेलं नाही. कुणाच्या मुलीचं लग्न कशामुळं मोडलं, कुठल्या डॉक्टरांचा कुठल्या गावी दुसरा संसार आहे, कुणाचा मुलगा परदेशात तुरुंगात बसलाय, सगळं माझ्या कानांवरून गेलं. त्यातलं अक्षर माझ्या नवऱ्यालासुद्धा कळलं नाही. मंडईत ती माणसं भेटली की मला हसून नमस्कार करायची. मी काय ऐकलंय ते त्यांना ठाऊक होतं, आणि मी काय बोलणार नाही तेही ठाऊक होतं.

तिकडं बार्शीच्या एक्सचेंजला श्रीरंग सुरवसे नावाचा ऑपरेटर होता. ट्रंक कॉल जोडायचा तर दोन गावांचे ऑपरेटर आधी एकमेकांशी बोलतात. तिथं कुणी नावानं हाक मारत नाही, गावानं मारतात. "हॅलो मिरज?" "बोला बार्शी." दुपारी तीनच्या पुढं लाइनी मोकळ्या असायच्या, तेव्हा आमच्या गप्पा चालायच्या. आज डब्यात काय होतं, त्याच्या आईचा दमा, माझं ठरत आलेलं लग्न. मग माझं झालेलं लग्न, त्याचं झालेलं लग्न, दोघांची पोरं. पुढं एक्सचेंज आपोआप चालणारं झालं, आम्हाला दुसऱ्या टेबलांवर बसवलं आणि बोलणं संपलं. पंचवीस वर्षं एक शब्द नाही. माझे मिस्टर गेले आणि दोनेक महिन्यांनी, एका गुरुवारी चार वाजता, घरचा फोन वाजला. "हॅलो मिरज?" मी ढसाढसा रडले. त्याला माझा नंबर कुठून मिळाला ते मी विचारलं नाही. ऑपरेटर होता तो, शेवटी.

त्यानंतर नऊ वर्षं, दर गुरुवारी, चार वाजता. तो वाचनालयाच्या पायरीवर बसून बोलायचा. नंबर पाठ ठेवायचा, फोनमध्ये साठवायचा नाही, ही आमची जुनी खोड. आम्ही एकमेकांना कधी बघितलं नाही. मी एकदा म्हटलं, व्हिडिओ कॉल करूया. तो म्हणाला, "कशाला? आवाज आहे तेवढा बास की." त्याला बायको होती, प्रभावती. तिच्याबद्दल तो नेहमी चांगलंच बोलायचा, आणि मी कोण हे तिला त्यानं कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही नव्हतं म्हणून नाही. सांगितलं असतं तर तिला लागलं असतं म्हणून. मला ते पटत होतं. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की माझं नाव त्या बाईच्या उंबऱ्यापर्यंत जाता कामा नये, आज नाही आणि आम्ही दोघं मेल्यावरही नाही.

मागच्या महिन्यात एका गुरुवारी फोन वाजला नाही. साडेचारला मी मोबाइलवर सोलापूरची वर्तमानपत्रं उघडली. निधन वार्ता. श्रीरंग सुरवसे, निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, मंगळवारी पहाटे, वय एकाहत्तर. शेजारी फोटो. जाड भिंगाचा चष्मा, कान जरा पुढं आलेले. पंचेचाळीस वर्षांच्या ओळखीत ज्याचा फक्त आवाज ऐकला त्याचं तोंड मी पहिल्यांदा तिथं बघितलं.

मग मी सुतक धरलं.

सुतक घरच्यांनी धरायचं असतं. मी त्याची कोण? धर्मानं बघाल तर कुणी नाही. पण तो गेलाय आणि मी मोहरीची फोडणी देऊन जेवायला बसलेय, हे मला जमेना. मी विजेची शेगडी बंद केली. मिक्सर नाही, टीव्ही नाही, अंघोळ गार पाण्यानं. देवाजवळचा विजेचा छोटा दिवा मालवला. एरवी सुतकाच्या घरी शेजारणी भाकरी-पिठलं आणून देतात. माझ्या सुतकाचा पत्ताच कुणाला नव्हता, मला पिठलं कोण देणार? दही-पोहे, चुरमुरे, केळी. एकटीचं घर, कुणाला काय कळतंय, असं मी समजले.

तो गेल्याच्या नवव्या दिवशी, बुधवारी सकाळी, तुषार पुण्याहून गाडी हाणत आला. तुषार म्हणजे माझा एकुलता एक. वय छत्तीस, बायको-मुलगी पुण्यात, हुशार. हुशार आहे, हीच तर पंचाईत. दारातच माझ्याकडं खालून वर बघितलं आणि म्हणाला, "आई, कोण गेलं?"

माझ्या हातातलं केळं तसंच राहिलं. "कोण जाणार? मी आहे की ढळढळीत समोर."

"मस्करी करू नकोस. काल माझी वीस लोकांसमोर शोभा झाली आहे."

झालं होतं असं. त्याची कंपनी 'सोबत' नावाची सेवा चालवते. वीज, फोन आणि इंटरनेट तिन्ही त्यांच्याकडून घ्यायचं. तीन वर्षांपूर्वी त्यानं आपल्या, तुषार भोकरे ह्या नावावर ते कनेक्शन माझ्या घरी बसवलं. मला सांगितलं होतं, "तू एकटी असतेस, तुझी काळजी घेईल ते." काळजी या शब्दाला आईनं नाही म्हणायचं नसतं, म्हणून मी सही केली. काल मंगळवारी ह्यानं मोठ्या साहेबांसमोर पडद्यावर माझंच घर लावलं. "हे माझ्या आईचं घर, बघा आत्ता काय चाललंय." पडद्यावर अक्षरं आली: सुतक, शक्यता अठ्ठ्याहत्तर टक्के. वीस माणसं उठून उभी राहिली आणि त्याचं सांत्वन करू लागली. एका बाईनं तर त्याला जवळ घेतलं म्हणे.

"तुझ्या मीटरला काय डोळे आहेत?" मी विचारलं.

"डोळे लागत नाहीत, आई." तो खुर्ची ओढून बसला. रागातसुद्धा त्याला शिकवायला आवडतं, बापाची सवय. "घरातली प्रत्येक वस्तू सुरू होताना वीज आपल्या ढंगानं ओढते. फ्रिज पहिल्यांदा झटका मारतो, मग शांत होतो. मिक्सर थरथरत ओढतो. शेगडी थांबून थांबून ओढते. जुनं मीटर महिन्याला एक आकडा द्यायचं. हे मीटर सेकंदाला हजारो वेळा मोजतं, आणि त्या रेषेतून कुठली वस्तू कधी चालू झाली ते वेगळं काढतं. तुझ्या देवाजवळचा दिवा एवढासा, तोसुद्धा त्याला दिसतो."

"आणि त्यातून सुतक कसं दिसलं?"

"दहा लाख घरं आहेत आमच्याकडं. घरातली माणसं गावाला गेली की फक्त फ्रिज चालतो. कुणी आजारी असलं की गिझर, किटली, दिवसभर टीव्ही. उपास असला की मिक्सरवर दाण्याचं कूट होतं. पण माणूस घरात आहे, दिवे लागतायत, पंखा फिरतोय, आणि शेगडी नाही, मिक्सर नाही, टीव्ही नाही, देवाचा दिवा नाही, असं फक्त एकाच वेळी होतं. आम्ही त्याला शिकवलंसुद्धा नाही. त्यानं आपलं आपण ओळखलं. त्यात तुझा एक फोन दर आठवड्याला ठरलेल्या वेळी यायचा, तो थांबलाय. आणि शेवटी तर सुतकाला एक पक्की खूण असते, ती दिसली की..."

"बास!" मी ओरडले. "तुझी खूण घाल चुलीत! मी जेवते का नाही, माझा फोन वाजतो का नाही, हे वीस परक्यांनी पडद्यावर बघायचं? लाज नाही वाटली तुला?"

"मी त्यात वाईट काय केलं? म्हातारी माणसं घरात मरून पडतात, चार दिवस कळत नाही. आम्ही सतराशे जीव वाचवलेत, आई."

"मी मेलेली नाही."

"मग कोण मेलं?"

मी हातातलं केळं सोलायला घेतलं.  तो हळू आवाजात, आणि ते जास्त झोंबलं, म्हणाला, "बाबा गेले तेव्हा तिसऱ्या दिवशी तू स्वतः चहा टाकलास. म्हणालीस, पोराला चहा लागतो, सुतक गेलं खड्ड्यात. मला आठवतंय. आता असं कोण गेलं, की आठवडाभर शेगडी नाही?"

खरं सांगते, माझा हात उठला होता. मी तो खाली घेतला. त्याचा प्रश्न वाईट नव्हता, तोच तर त्रास होता. त्याच्या बापासाठी मी चहा टाकला होता, कारण तेव्हा रडायला मला सगळं घर मोकळं होतं. भेटायला येणाऱ्या माणसांची रीघ होती, दारात चपलांचा ढीग होता. ह्या खेपेला माझ्याकडं न पेटवलेल्या शेगडीशिवाय दुसरं काहीच नव्हतं. हे पोराला कसं सांगायचं?

"कुणी गेलेलं नाही," मी म्हटलं. "कंटाळा आलाय स्वयंपाकाचा. तुझ्या मशीनला तसं सांग."

"सांगून चालत नाही. घरच्यांची साक्ष आम्ही धरत नाही. लोक खोटं बोलतात. मीटर बोलत नाही."

"बरं. मग अठ्ठ्याहत्तरचं पुढं काय होतं?"

इथं तो जरा चाचरला. मग म्हणाला, "पंच्याण्णवच्या वर गेलं की संदेश जातो. आपोआप. कुणाचं सुतक आहे ते सिस्टीम शोधते, मृत्यूच्या नोंदी असतात, फोनच्या नोंदी असतात. मग त्या घराला आणि इथं, दोन्हीकडं कळवते. एकाच दुःखात असलेली माणसं जोडायची, अशी कल्पना आहे. पुढं तेराव्याचं जेवण, हॉल, गुरुजी, ते सगळंही देतो आम्ही."

 मी ओट्याला धरून उभी राहिले. "त्या घराला कळवते म्हणजे? काय कळवते?"

"की अमुक घर तुमच्या दुःखात सहभागी आहे. बटण असतं, दाबलं की फोन लागतो."

"थांबव."

"माणसाचा हात लागत नाही, हीच तर आमची जाहिरात आहे. ते घर कुठलं हे मलासुद्धा दिसत नाही. आम्ही खासगीपणा फार पाळतो, आई."

मी हसले. असं हसले की शेजारच्या लीलाक्कांनी खिडकी उघडून बघितलं. "अरे वा रे खासगीपणा! माझ्या देवाजवळचा दिवा मोजतोस आणि वर तोंड करून खासगीपणा सांगतोस? मेन स्विच पाडते मी."

"पाड. घर एकदम अंधारात गेलं की म्हातारं माणूस पडलं असं समजून तासाभरात ॲम्ब्युलन्स येते. तीही आपोआप." आणि मग त्यानं मला ते ऐकवलं. "आणि तू कशाला एवढी चिडतेस? तूही आयुष्यभर लोकांचं ऐकायचीसच ना हेडफोन लावून? तेव्हा तुला चाललं. आमचं मशीन ऐकतं तर लगेच पाप?"

"मी ऐकून गिळायचे," मी म्हटलं. "तुझं मशीन ऐकतं आणि दारोदार ओकत फिरतं. एवढाच फरक आहे. तो तुला कळत नसेल, तर तुझ्या शिक्षणासाठी मी एक्सचेंजमध्ये कान फोडून घेतले ते वाया गेले."

 दुपारी त्यानं बाहेरून डबा मागवला आणि एकट्यानं खाल्ला.

मी मात्र विचार करत होते. सांगून चालत नाही, बंद करून चालत नाही. मीटरला फक्त वापर कळतो. ठीक आहे, मग त्याला वापर दाखवू. सुतकाच्या घरात जे कधी होत नाही ते सगळं करू. उद्या गुरुवार होता. चार वाजता न वाजणाऱ्या फोनकडं बघत बसण्यापेक्षा ते बरं, असंही मनात आलं.

गुरुवारी सकाळी उठले, गिझर लावला आणि कढत पाण्यानं डोक्यावरून अंघोळ केली. देवाजवळचा दिवा लावला. टीव्हीवर कसलासा गाण्याचा कार्यक्रम मोठ्यानं लावून ठेवला. डाळ शिजत टाकली. पुरण हातानं वाटायची माझी रीत, पण आज सगळं मिक्सरवर, दोनदा वाटलं. कटाची आमटी केली, तिला मोहरी-कढीलिंबाची फोडणी दिली. फोडणीचा वास नाकात गेला आणि मला हुंदका आला. दहावा दिवस होता. त्याच्या घरची माणसं ह्या वेळी घाटावर पिंडाला बसली असतील, आणि मी इथं कुरडया तळतेय. "माफ कर बार्शी," मी मोठ्यानं म्हटलं. टीव्हीच्या आवाजात ते ऐकू गेलं नाही.

लीलाक्का दारात आल्या. "शैलाताई, काय विशेष? आठ दिवस तुमच्या घरातनं वाससुद्धा नाही, आणि आज एकदम पुरण?"

"लेक आलाय की," मी म्हटलं आणि त्यांच्या हातावर दोन पोळ्या ठेवल्या.

तुषार वरच्या खोलीत कॉम्प्युटरवर बसला होता. त्याला दोन वाजता ताट वाढलं. पोरगं सगळा राग विसरून पाच पोळ्या तूप घालून जेवलं. म्हणाला, "आई, खरंच कुणी गेलं नव्हतं का? मी उगाच बोललो." मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मला वाटलं, जिंकले.

तीन वाजून गेले तेव्हा त्याच्या फोनवर काहीतरी वाजलं. त्यानं बघितलं. तोंड उतरलं.

"सत्त्याण्णव," तो म्हणाला.

"काय सत्त्याण्णव?"

"आई, तू काय केलंस हे! मी काल सांगत होतो ना, शेवटी एक पक्की खूण असते? सुतक संपताना लोक काय करतात? गोडाचं जेवण! इतके दिवस शेगडी बंद, आणि मग एका दिवशी गिझर, देवाचा दिवा, पुरणाचा मिक्सर, तळण. तुझ्यासारख्या दहा लाख आयांनी हेच केलंय. तू सुतक लपवलं नाहीस. तू ते पूर्ण केलंस."

मी खाली बसले. माझंच तोंड, माझाच राग. काल त्याला वाक्य पुरं करू दिलं असतं तर? आणि वाक्य सोडा, मला काय गोडाचं जेवण ठाऊक नव्हतं? सासूचं केलं, नवऱ्याचं केलं. दुःखाची सगळी रीत ह्या हातांनी पाळली, आणि ती रीत दहा लाख घरांत सारखी असते एवढं डोक्यात आलं नाही. मूर्ख! मूर्ख बाई!

"संदेश?" मी विचारलं.

"गेला."

मी उठून टीव्ही बंद केला. घरचा फोन वाजला तेव्हा मी घड्याळाकडं बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. फोनच्या पट्टीवर नंबर आला. पाठ असलेला नंबर. नऊ वर्षं गुरुवारी चार वाजता आलेला, तोच. तुषार पुढं झाला, मी त्याला हातानं थोपवलं आणि फोन उचलला.

पलीकडून कुणी "हॅलो मिरज" म्हणालं नाही.

"कोण बोलतंय?" बाईचा आवाज. बसलेला, रडून रडून फाटलेला. "भोकऱ्यांचं घर का? हितं ह्यांच्या फोनवर मेसेज आलाय. मी श्रीरंग सुरवशांची मंडळी. आमच्या ह्यांचं सुतक माझ्या घरात आहे, ते मी धरलंय. तुमच्या घरात कुणी धरलं?"

 "बाई, तुम्ही शांत..."

"शांत काय? आज दहावा होता. अर्धा तास कावळा शिवेना. पोरांचं सगळं कबूल करून झालं, आईला संभाळतो म्हणले, भांडणार नाही म्हणले. कावळा फिरकंना. मला ठाऊक होतं तो का फिरकंना. जाताना ह्यांनी पोरांचं नाव घेतलं नाही, माझं घेतलं नाही. 'मिरजेच्या बाईंना कळवा' म्हणले. दोनदा म्हणले. शेवटी घाटावर सगळ्या भावकीसमोर मला तोंडानं म्हणावं लागलं, कळवते त्या मिरजेच्या बाईला, जा आता. लगेच शिवला. सगळ्यांत नाक कापलं माझं. आणि घरी येऊन बघते तर हे, मिरज! ती बाई तुम्हीच का?"

मी भिंतीला हात टेकला. लपवणार नाही. पहिल्या क्षणी मला आनंद झाला. लाज वाटावी इतका आनंद झाला. दोनदा म्हणाला. शेवटच्या श्वासाला त्याला मी हवी होते. हे ऐकायला मी मेले असते तरी चाललं असतं. आणि हे मला सांगत होती ती, जिच्या उंबऱ्यापर्यंत माझं नाव जाऊ नये म्हणून मी सकाळपासून पोळ्या लाटत होते.

"नाही हो," मी म्हटलं. एक्सचेंजमधला आवाज, सपाट, स्वच्छ, अकरा वर्षं वापरलेला. "ती मी नव्हे. पण मी त्याच एक्सचेंजला होते, त्यामुळं कुठल्या बाई ते मला कळलं."

"कोण? नाव काय तिचं?"

"शैलजा पाटोळे." माझं लग्नाआधीचं नाव. त्यानं मला पहिल्यांदा विचारलं तेव्हा हेच सांगितलं होतं. "ट्रंकवर बसायच्या. तुमच्या मिस्टरांशी कामापुरतं बोलणं असायचं, सगळ्यांचंच असायचं."

"कामापुरतं? मरताना कामापुरतं आठवतं होय? कशी होती दिसायला?"

"साधी. काळी, किडकिडीत. दात पुढं. काही खास नव्हती."

"आता कुठं असती? मला तिला बघायचंय. एकदा समोर उभं करून बघायचंय."

"नाही भेटणार," मी म्हटलं. "त्या गेल्या. चार वर्षं झाली."

 लाइन तुटली की काय असं वाटलं मला. मग ती म्हणाली, "गेली?"

"हो."

"बरं झालं."

"हो," मी म्हटलं. "बरं झालं."

तिचा श्वास ऐकू येत होता. मग जरा मऊ आवाजात, पण संशयानं, तिनं विचारलं, "मग हा मेसेज? तुमच्या घरी सुतक म्हणून लिवलंय."

"मशीन आहे बाई, चुकलं. आमच्याकडं आज पुरणपोळी केलीय. लेक आलाय पुण्याहून. सुतकाच्या घरात कुणी पुरण घालतं का?"

"नाही," ती म्हणाली. "नाही घालत." आणि थोड्या वेळानं, "ठेवते. मी उगंच तुम्हाला बोलले. माझं डोकं ठिकाणावर नाही बगा."

"काही हरकत नाही. जपून राहा. दोन घास खाऊन घ्या."

फोन ठेवला. तुषार समोर उभा होता. त्याला पलीकडचं ऐकू आलं नव्हतं, पण माझं सगळं ऐकलं होतं. स्वतःच्या आईचं माहेरचं नाव त्याला ठाऊक आहे. तो पांढराफटक पडला होता.

"आई," तो म्हणाला. आवाज लहानपणचा. "कोण गेलं?"

"ऐकलंस की. शैलजा पाटोळे म्हणून एक ऑपरेटर होती."

"आई, सॉरी. मी... मी वर बोलतो, हे फीचर काढायला लावतो."

"काढा नाहीतर ठेवा. तुझी कंपनी तुला लखलाभ. आणि आता जा तू. आजच जा. मला तुझं तोंड बघायचं नाही काही दिवस."

तो उभाच राहिला. त्याला वाटलं मी थांबवीन. मी थांबवलं नाही. पाऊण तासानं गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. उरलेल्या पोळ्या मी त्याच्या पिशवीत घातल्या होत्या, त्या तो टेबलावर विसरून गेला.

तेराव्याला अजून तीन दिवस होते. ती बाई पुन्हा विचारील, कुणाकडून तरी चौकशी करील, मशीन पुन्हा काही बरळेल, आता कशाचा भरवसा धरायचा? मी शेगडी बंद केली नाही. शुक्रवार, शनिवार, रविवार, तिन्ही दिवस दोन्ही वेळा रांधलं, देवाजवळचा दिवा जळत ठेवला, आणि आमटीला कडकडीत फोडणी दिली.